सूर्य गुडघ्यात

बार्तांगच्या खोऱ्यात आमचं वर्ष
माणसाच्या अंगावरून चालायचं.
थंडी सरताना मोजणी सुरू व्हायची पायाच्या नखापासून,
एकेका जागी सूर्याचा तीन-तीन दिवस मुक्काम:
नख, घोटा, नडगी, गुडघा.
गुडघ्यात आला की बैल जुंपायचे, जव पेरायचे.
मांडीत आला की जर्दाळू फुलायचे.
छातीत आला की पोरं बकऱ्यांमागे वरच्या कुरणावर.
डोक्यात पोचला की तिथे जरा टेकायचा,
मग उतरू लागायचा,
पोटभर जेवलेला पाहुणा उतरतो तसा, रेंगाळत.

मोजायचे ओदिनामामद मामा.
छताच्या झरोक्यातून सकाळचा किरण
खांबावर कुठे पडतो ते बघून
एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचे.
सोव्हिएत काळात छापील कॅलेंडर आलं,
त्यावर लाल ट्रॅक्टर होता.
गावाने ते भिंतीला लावलं
आणि पेरणी मामांना विचारून केली.

त्या वर्षी सूर्य अजून घोट्यातच
आणि सवरिनिसोच्या अंगणात जर्दाळू फुलून मोकळा.
ती धावत आली, मुठीत डहाळी,
जणू चोराचं बखोट धरून आणलंय.
मामा म्हणाले, झाडाला ताप असेल.
सूर्य मांडीत शिरला त्या रात्री गारठा परत फिरला.
सकाळी फुलं काळी,
चहाच्या चोथ्यासारखी.

पुढच्या वर्षी पाटाला पाणी आलं नडगीतच,
गढूळ, वरच्या बर्फाने घाईघाईत सोडून दिलेलं.
प्यायला कुणी नव्हतं. बी अजून कणगीत.
मग आमचे जव पोटरीत आले, सूर्य छातीत,
आणि पाटात नुसते दगड.

लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार.
म्हातारा खडे विसरतो, म्हणाले.
एखादा गळाला असेल फाटक्या खिशातून.
मामींनी रात्री दोन्ही खिसे उलटे करून दिव्यापाशी धरले.
शिवण पक्की होती.

मामा गप्प झाले.
पहाटे खांबाशी उभे राहायचे, हनुवटी वर करून.
किरण यायचा, खुणेवर पडायचा,
केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.
"तो वेळेवर येतोय गं," एकदा मला म्हणाले.
"पाहुणा दारात उभा
आणि घरातलंच कुणी जागेवर नाही."

माझ्या फोनमध्ये उद्याचं हवामान दिसतं.
खोरोगचं. आमच्या खोऱ्याचं नाही.
मॉस्कोहून भाऊ विचारतो, तिकडे बर्फ किती?
काय सांगू?
जिथे गळ्यापर्यंत असायचा
तिथे बुटाच्या तळव्याला लागतो.

काल मामांनी मला हाताला धरून सवरिनिसोच्या अंगणात नेलं.
वाटेत त्यांचे गुडघे वाजत होते.
चुलीतल्या कोळशाने त्यांनी बुंध्यावर एक आडवी रेघ मारली,
मग वर दुसरी.
पुसली. पुन्हा मारली, चार बोटं खाली.
"सूर्याचा माणूस आहे तसा राहू दे," म्हणाले,
"त्याच्यात खोट नाही.
झाडाचा माणूस वेगळा धरायला हवा. पाण्याचा आणखी वेगळा.
त्यांना गुडघे कुठे असतात, तेवढं शोधायचं."

मी वहीत लिहून घेतलं. तारीख घातली, मग खोडली.
सूर्य अजून नखातही शिरला नव्हता
आणि खालच्या फांदीवर एक कळी फुगली होती,
टोकाशी गुलाबी.

मामांनी तिच्यावर तळहात आडवा धरला,
दुपारी न झोपणाऱ्या पोराचे डोळे झाकतात तसा.
हात भरून येईपर्यंत धरला.
"नीज," म्हणाले. "नीज अजून."